सागाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यांतील सागाचीं रानें पूर्वीं लांकडासाठीं मोजलीं जात. आज तीं कर्ब किती सांठवितात, हाही प्रश्न आहे. या गणिताचें मूळ ब्रह्मदेशांत आहे. इ. स. १८५६ मध्यें जर्मन वनशास्त्रज्ञ ब्रँडिस यांनीं पेगूच्या जंगलांत ठरलेल्या रेषांनीं जाऊन झाडें मोजलीं व त्यांवरून सबंध वनाचा अंदाज बांधला. १९४० मध्यें लॉरी व संत राम यांनीं लागवडीच्या सागाचीं वाढ-कोष्टकें सिद्ध केलीं. आतां असलीं भाकितें संगणक करतो. परंतु उन्हाळ्यांत साग निष्पर्ण होतो. मातींतून कर्बवायु मात्र सुटतच राहतो. पानगळीचा काळ चुकला, कीं वर्षाचा ताळेबंद चुकलाच! म्हणून २०११ मध्यें यवतमाळच्या उत्तरेस, बैतूलच्या सागमिश्रित वनांत, मनोरा उभारून या वायूची देवघेव मोजण्यास आरंभ झाला. वन राखण्याचा निर्णय आंकड्यांवर व्हावयाचा, तर आंकड्यांना झाडांची साक्ष हवीच.