बिनपगारी सेवेचा सन्मान : फिजिओथेरपीच्या इतिहासातलं एक न वाचलेलं पान

"डॉक्टर, व्यायामच तर करायचा आहे ना? मग घरी येणारा मालीशवाला करून घेईल की! फिजिओथेरपिस्टच कशाला हवा?"

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या किंवा पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न मला हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. कोणता सांधा किती वाकवायचा, कोणत्या स्नायूवर किती भार द्यायचा आणि कुठे थांबायचं, हे फिजिओथेरपिस्ट शिकून, परीक्षा देऊन आलेला असतो. पण हे शिक्षण किती असावं, ते कोणी ठरवलं? त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते आपल्याला सहसा माहीत नसतं.

सुरुवात लंडनपासून करू. 1894 साली तिथे मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालवणाऱ्या जागांची बरीच चर्चा झाली. ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकानेही त्याबद्दल लिहिलं. रुग्णालयांत प्रामाणिकपणे मसाज करणाऱ्या परिचारिकांची त्यामुळे बदनामी होऊ लागली. तेव्हा चार जणींनी पुढाकार घेऊन प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. नियम कडक होते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मसाज करायचा नाही, रुग्णाला औषधं विकायची नाहीत, सामान्य वर्तमानपत्रांत जाहिरात करायची नाही. पुढच्याच वर्षी संस्थेने परीक्षा सुरू केली. पुढे हीच संस्था ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची अधिकृत संस्था झाली. 1920 मध्ये तिला राजसनद मिळाली.

अमेरिकेतली गोष्ट पहिल्या महायुद्धाची आहे. युद्धातून परतलेल्या हजारो जवानांच्या जखमा भरल्या होत्या, पण हातपाय चालत नव्हते. सांधे आखडले होते आणि स्नायू वाळले होते. कुणाचा पाय कापलेला होता, त्याला कृत्रिम पायावर चालायला शिकवायचं होतं. या कामासाठी अमेरिकी सैन्याने तरुण स्त्रियांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यांना 'रिकन्स्ट्रक्शन एड' म्हणत. शरीर पुन्हा उभं करायला मदत करणाऱ्या, असा त्याचा अर्थ. त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये मेरी मॅकमिलन अग्रभागी होत्या. अमेरिकेत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये वाढून तिथेच शिकलेल्या मॅकमिलन यांनी लिव्हरपूलमध्ये अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट जोन्स यांच्यासोबत काम केलं होतं.

युद्ध संपलं आणि या स्त्रियांसमोर प्रश्न उभा राहिला : आता पुढे काय? सैन्याची गरज ओसरली की शिकलेल्या जणी पांगल्या असत्या आणि हाताला लागलेली विद्या विरून गेली असती. 15 जानेवारी 1921 रोजी न्यूयॉर्कमधल्या 'कीन्स' नावाच्या खाणावळीत सुमारे 30 जणी एकत्र जमल्या. तिथेच अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेचा पाया घातला गेला. मॅकमिलन पहिल्या अध्यक्ष झाल्या. संस्थापक सदस्यांची संख्या 274 वर गेली. मार्च 1921 मध्ये संघटनेचं नियतकालिकही निघालं. सदस्य होण्यासाठी मान्यताप्राप्त शिक्षण असणं आवश्यक होतं.

आता मुख्य मुद्दा. या संघटनेचं कार्यालय उभं राहिलं आणि पगारी कार्यकारी प्रमुख म्हणून मिल्ड्रेड एल्सन आल्या, तेव्हा 1944 साल उजाडलं होतं. म्हणजे आधीची वीसेक वर्षं हा गाडा सदस्यांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून ओढला. दिवसभर रुग्णांचे सांधे हलवायचे आणि नंतर पत्रं लिहायची, वर्गणी गोळा करायची, नियतकालिकासाठी लेख तपासायचे, अभ्यासक्रमाचे मसुदे करायचे. फिजिओथेरपी शिकवणाऱ्या शाळांमध्ये किमान काय शिकवलं पाहिजे, हे ठरवायचं किचकट काम याच काळात झालं. 1936 पासून अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेच्या निकषांवर या शाळा तपासल्या जाऊ लागल्या. पोलिओच्या साथींमध्ये अशी शिकलेली माणसं तयार असणं किती मोलाचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

हे काम रुग्णाला कधीच दिसत नाही. हाड जोडणारा सर्जन दिसतो, चालायला लावणारी थेरपिस्ट दिसते. समितीच्या बैठकीत बसून 'या विषयाचे तास वाढवा' म्हणून भांडणारी व्यक्ती दिसत नाही. म्हणूनच त्या संघटनेने अशा सेवेचे खास सन्मान ठेवले. मॅकमिलन यांच्या नावाने मानाचं व्याख्यान सुरू झालं आणि 1964 मध्ये पहिलं व्याख्यान दिलं ते एल्सन यांनीच. ल्युसी ब्लेअर यांच्या नावाचा सेवा पुरस्कार तर खास संघटनेच्या कामासाठीच आहे. उपचारातल्या कौशल्यासाठी किंवा संशोधनासाठी इतर सन्मान आहेत. हा मिळतो तो समित्यांवर, कार्यकारिणीत आणि प्रतिनिधी सभेत वर्षानुवर्षं खपणाऱ्यांना.

कुणी म्हणेल, संघटना तर आपल्याच सदस्यांचं भलं बघणार. त्यात रुग्णाचा काय फायदा? शंका रास्त आहे. संघटना स्वार्थीही होऊ शकतात. पण 1894 आणि 1921 च्या त्या नियमांकडे पाहा. न शिकलेल्याला दार बंद केलं, तेव्हा सदस्यांची इज्जत राखली गेली आणि त्याच वेळी रुग्णाची सुरक्षितताही. जिथे हे दोन्ही एकत्र साधतं, तिथे संघटनेचं काम हीसुद्धा रुग्णसेवाच ठरते.

आपल्याकडे हा प्रवास जरा उशिरा सुरू झाला. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. 1955 मध्ये भारतातल्या फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली आणि 1967 मध्ये ती जागतिक महासंघाची सदस्य झाली. हा महासंघ 1951 मध्ये कोपनहेगन इथे स्थापन झाला आणि त्याच्या पहिल्या अध्यक्ष होत्या त्याच मिल्ड्रेड एल्सन. महासंघाच्या स्थापनेची आठवण म्हणून 8 सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन पाळतात. महाराष्ट्रात 2002 च्या कायद्यानुसार व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद आहे आणि तिच्याकडे नोंदणी करावी लागते. 2021 मध्ये देशपातळीवरचा कायदाही झाला.

तेव्हा माझ्या रुग्णांना माझं एवढंच सांगणं आहे. फिजिओथेरपी सुरू करण्याआधी समोरच्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक जरूर विचारा. त्यात संकोच नको, चांगल्या थेरपिस्टला राग येत नाही. मालीश करून बरं वाटत असेल तर वाटू द्या, पण ऑपरेशननंतरचा सांधा किंवा पक्षाघाताचा हात अनोळखी हातात देऊ नका.

आणि कधी वर्तमानपत्रात एखाद्या फिजिओथेरपिस्टचा 'संघटनेच्या सेवेबद्दल' सत्कार झाल्याची दोन ओळींची बातमी दिसली, तर पान उलटण्याआधी क्षणभर थांबा. तुम्ही ज्या नोंदणी क्रमांकावर विश्वास ठेवता, तो अशाच कुणाच्या तरी बिनपगारी संध्याकाळींमधून आलेला आहे.