डेल्फीचा कौल आणि भूगर्भातील वायू

ग्रीसमधील पार्नासस पर्वताच्या उतारावरील डेल्फी म्हणजे प्राचीन ग्रीकांच्या समजुतीप्रमाणे पृथ्वीची नाभी. तेथील अपोलोच्या मंदिरात पिथिया नावाची पुजारीण तिवईवर बसून देवाचा कौल सांगे. हा कौल महिन्यातून एकच दिवस मिळे, आणि हिवाळ्यात तोही नाही. त्या काळात देव डेल्फीत नसतो, अशी श्रद्धा होती. आधी बळीच्या शेळीवर थंड पाणी शिंपडत. ती अंगभर थरथरली, तरच देव अनुकूल आहे असे मानत.

पिथियाच्या अंगात येई ते कशामुळे? चरित्रकार प्लुटार्क स्वतः डेल्फीचा पुजारी होता. भूमीतून येणारा उच्छ्वास आणि अधूनमधून दरवळणारा मधुर गंध यांचा उल्लेख त्याने केला आहे. १८९२ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी तेथे मोठे उत्खनन सुरू केले. त्यासाठी मंदिराच्या अवशेषांवर वसलेले कास्त्री हे गाव अन्यत्र हलवावे लागले. मात्र वाफा सोडणारी दरी काही सापडली नाही. १९०४ मध्ये ए. पी. ओपे या अभ्यासकाने वायूची कथा निराधार ठरवली आणि पुढे दीर्घकाळ तेच मत रूढ राहिले. दरी नाही म्हणून वायूही नाही, हा तर्क घाईचा होता; वायूला बाहेर पडण्यासाठी बारीक भेगाही पुरतात.

२००१ मध्ये भूशास्त्रज्ञ जेले दे बोअर, पुरातत्त्वज्ञ जॉन हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंदिराच्या जागी दोन प्रस्तरभंग एकमेकांना छेदतात, असा निष्कर्ष मांडला. खालच्या चुनखडकात डांबरी अंश आहे. तेथील झऱ्याच्या पाण्यात त्यांना मिथेन आणि अल्प प्रमाणात इथिलीन आढळले. इथिलीनला गोडसर वास असतो आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूल देण्यासाठी ते वापरले जाई. प्लुटार्कची साक्ष खरी ठरली, असे अनेकांना वाटले. परंतु २००६ मध्ये दुसऱ्या एका संशोधकगटाने, गुंगी येण्याइतके इथिलीन तेथे निर्माण होणे संभवत नाही, असे दाखवले. बंदिस्त गाभाऱ्यात मिथेन व कार्बन डायऑक्साइडमुळे ऑक्सिजन घटत असावा, अशी शक्यता त्यांनी पुढे केली. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

तो मिटला, तरी त्यातून पिथियाची अवस्था तेवढी उलगडेल. तिच्या शब्दाला वजन कोठून आले, याचे उत्तर खडकात नाही. हेरोडोटसच्या वृत्तांतानुसार थेरा बेटावरील लोकांनी समुद्रापलीकडे लिबियात सायरीनी वसवले, ते याच कौलाच्या आज्ञेवरून. उत्तर अफगाणिस्तानात, आमू दर्याच्या काठी असलेल्या आय-खानूम या ग्रीक नगरात क्लिआर्कस नावाच्या गृहस्थाने डेल्फीतील नीतिवचने काळजीपूर्वक उतरवून आणून कोरवली होती.

डेल्फीच्या भिंतींवर तर गुलामांच्या मुक्ततेचे एक हजाराहून अधिक लेख आहेत. गुलामाला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. म्हणून त्याच्या सुटकेची रक्कम मालकाला मिळे आणि कागदोपत्री अपोलो त्याला विकत घेई. देवाचा झालेला माणूस पुन्हा कोणी गुलाम करू नये, यासाठी साक्षीदारांची नावे दगडात कोरली जात. यांतील कित्येक लेखांत आणखी एक अट आढळते: सुटका झाली, तरी मालक जिवंत असेपर्यंत त्याच्याच सेवेत राहायचे.