दुसरी गोळी

जनावर जखमी होऊन पळू लागले म्हणजे शिकाऱ्याला दुसऱ्या गोळीची निकड भासते. बोल्टच्या रायफलीत त्यासाठी हात चापावरून काढून बोल्टची मूठ ओढावी लागे. तेवढ्यात नेम ढळे आणि सांबर झाडीत दिसेनासे होई. ही अडचण दूर करणाऱ्या एका रायफलीचे पेटंट अमेरिकेतील जॉन ब्राउनिंग याने १९०० साली मिळविले. गोळी सुटताच नळी आणि बोल्ट एकत्रच मागे सरकत. मग नळी स्प्रिंगच्या जोराने आधी पुढे जाई, रिकामे काडतूस बाहेर उडे आणि बोल्ट परतताना नवे काडतूस आत ढकली. शिकाऱ्याने फक्त चाप पुन्हा ओढायचा. रेमिंग्टन कंपनीने ही रायफल १९०६ मध्ये बाजारात आणली. पुढे तिला 'मॉडेल ८' असे रुक्ष नाव मिळाले. काडतुसांच्या चार मापांत ती मिळे. १९३६ मध्ये तिच्या जागी 'मॉडेल ८१' आले आणि १९५० मध्ये तेही बंद झाले.

शिकाऱ्यांना एवढी हवीशी वाटणारी ही दुसरी गोळी काय करू शकते, याचा दाखला मात्र छत्तीसगडात सापडतो. आणि तेथे भरणीच्या वेगाचे फारसे काम पडले नाही. रायपूरच्या शंकर नगरातून उत्तरेस निघालेला प्रवासी बिलासपूर मागे टाकून जुन्या कोरिया संस्थानाच्या सालवनांत पोहोचतो. १९४७ साली तेथील महाराज रामानुज प्रताप सिंह देव रात्री मोटारीतून जात असता त्यांना तीन नर चित्ते शेजारी शेजारी बसलेले आढळले. एका गोळीने एक चित्ता पडला. दुसरी गोळी दुसऱ्याच्या आरपार जाऊन मागच्या तिसऱ्याला लागली.

हा वृत्तान्त मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे धाडण्यात आला. संपादकांनी तो छापला, पण आपली शिसारी लपविली नाही. शिकाऱ्यांच्याच पिढ्यांनी जोपासलेल्या नियतकालिकात असा निषेध उमटावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. मचाणावर बसणाऱ्याला निदान जनावराची वाट पाहावी लागे; मोटारीने तेवढाही अवधी जनावराला ठेवला नाही. भारतात चित्ता मारला गेल्याची ती अखेरची खात्रीची नोंद मानली जाते. १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली आला. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्यप्रदेशातील कुनोच्या कुंपणात सोडण्यात आले. प्रत्येकाच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता.