बीजहीन फळाची वंशावळ

केळें सोलतांना आंत बी सांपडत नाहीं, याचें जळगांवकडील माणसास कधीं नवल वाटत नाहीं. गराच्या मधोमध जे बारीक काळसर ठिपके दिसतात ते न फळलेल्या बीजांडांचे अवशेष होत. उलट, पावसाळ्यांत सह्याद्रीच्या कड्यांवर उगवणारी चवई ही केळीचीच दूरची भावकी. पण तिचें फळ पाहावें तर टणक काळ्या बियांनीं गच्च भरलेलें! एकाच कुळांत हा भेद कां पडला, तें आज वाचकांस सांगावें असें आम्हांस वाटतें. कारण रावेर, यावल, शिरपूर या तालुक्यांतील कित्येक संसार याच बीजहीन झाडावर चालले आहेत.

1883 सालीं बेल्जियममधील व्हान बेनेडेन या पंडितानें घोड्याच्या आंतड्यांतील जंताचें अंडें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. फळलेल्या अंड्यांत चार सूत्रें होतीं, व त्यांपैकीं दोन मातेकडून आणि दोन पित्याकडून आलेलीं होतीं. हीं सूत्रें रंग चटकन शोषून घेतात म्हणून 1888 सालीं वाल्डायर यानें त्यांस रंगावरून नांव दिलें. आमच्या मराठीनें त्यांस गुणसूत्रें म्हटलें, तें अधिक समर्पक होय. देहपेशींत सूत्रांच्या जोड्या असाव्या आणि बीजपेशींत प्रत्येक जोडींतील एकच जावें, हा निसर्गाचा दंडक. तसें न होतें तर प्रत्येक पिढीस संख्या दुप्पट होत गेली असती. मनुष्याच्या देहपेशींत 46 व बीजपेशींत 23 सूत्रें असतात. पण हा 46 चा आंकडा ठरला 1956 सालीं! तोंवर तीसएक वर्षें ग्रंथकार 48 च लिहीत होते. तिथींवरून भांडणाऱ्या आम्हां इतिहासप्रेमी मंडळींस ही गोष्ट मोठी दिलासा देणारी आहे. धुळ्यास 1926 सालीं दिवंगत झालेल्या राजवाड्यांनीं जुन्या कागदपत्रांची गोडी आम्हांस लावली. परंतु आमच्याकडील जुन्या वंशावळींत आईचें नांव बहुधा नसतेंच. गुणसूत्रांच्या दप्तरांत ही निम्मी बाजू कोणास गाळतां येत नाहीं.

आतां केळीकडे वळूं. आग्नेय आशियांतील रानकेळीच्या देहपेशींत 22 व बीजपेशींत 11 सूत्रें असतात. फार पूर्वीं केव्हां तरी एका बीजपेशीची निमपट व्हावयाची राहून गेली; तींत 22 च सूत्रें राहिलीं, व 11 वालीशीं तिचा संयोग होऊन 33 सूत्रांचें झाड जन्मास आलें. खानदेशांतील जुनी बसराई काय आणि 1990 नंतर ऊतिसंवर्धनाच्या मार्गानें बागांत पसरलेली ग्रँड नैन काय, दोघी या 33 वाल्याच. दोघांची जोडी जुळते. तिघांची कशी जुळावी? बीजपेशी होतांना तिसऱ्या संचांतील सूत्रें वाटेल तशीं विखुरतात, आणि बी धरत नाहीं. फळ मात्र परागाची वाट न पाहतां भरतें. मनुष्यानें हा दोष गुण मानला व मुनवे लावून तें झाड हजारों वर्षें जतन केलें.

परिणाम असा, कीं मैलोगणती बागा म्हणजे जणूं एकच देह. एका झाडास जो रोग मारील तो सर्वांसच मारील. ग्रो मिशेल ही अशीच 33 सूत्रांची केळ; 1950 च्या आसपास मध्य अमेरिकेंतील तिचे मळे पनामा रोगानें ओस पडले व त्यांची जागा बसराईच्या भाऊबंदांनीं घेतली, कारण त्या रोगापुढें हीं टिकत होतीं. आतां त्याच बुरशीचा नवा प्रकार यांसहि मारतो, आणि गेल्या दशकांत तो बिहारांत आढळला आहे. होंडुरासांतील संशोधकांनीं या जातीच्या हजारों घडांवर हातानें पराग घालून, फळें कुस्करून, चाळून पाहिलीं. हातीं आल्या त्या थोड्याशा बिया, आणि त्यांतहि रुजल्या त्या आणखीच थोड्या.