अंत्युखियाची मंडळी

ओरोंटीस नदीकाठच्या अंत्युखिया नगरातील (आजचे तुर्कस्तानातील अंताक्या) पहिल्या शतकातील ख्रिस्ती समुदाय. यहुदी व बिगरयहुदी इथे एकत्र आले. ‘ख्रिस्ती’ हे नावही ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार प्रथम इथेच पडले. तेथील शिक्षकांची नावेच बोलकी आहेत: कुप्राचा (सायप्रसचा) बर्णबा, ‘निग्र’ म्हणजे काळा म्हटला जाणारा शिमोन, उत्तर आफ्रिकेतील कुरेनेचा लूक्य, राज्यकर्त्या हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि तार्सचा शौल, म्हणजेच पौल. यहुदियात दुष्काळ पडला तेव्हा या मंडळीने ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून पाठवली. या एकीची खरी कसोटी मात्र पंगतीत लागली, कारण कर्मठ यहुदी बिगरयहुद्यांसोबत जेवत नसत. बिगरयहुद्यांसोबत जेवणारा येशूचा शिष्य पेत्र यरुशलेमहून माणसे येताच वेगळा बसू लागला, बर्णबाही त्याच्यामागे गेला. पौलाने पेत्राला सर्वांदेखत खडसावले.