प्याला कुणाच्या हाती

ज्याँ गेर्सों हे पॅरिस विद्यापीठाचे कुलपती, आपल्या काळातले नावाजलेले धर्मपंडित, आणि त्यांना सामान्य माणसाच्या दाढीची फार काळजी वाटे. १४१७ साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत त्यांनी एक प्रबंध लिहिला. वाद असा होता, की मिस्सा या उपासनेच्या वेळी प्रापंचिकांना नुसती भाकर द्यायची की द्राक्षारसाचा प्यालाही द्यायचा? गेर्सों म्हणाले, प्याला नको. तो सांडेल. पुरुषांच्या लांब दाढ्यांना थेंब चिकटतील. रस साठवून ठेवला तर त्याचा शिरका होईल, थंडीत गोठेल. ईस्टरला हजारोंनी माणसं येतात, तेवढ्यांना पुरेल इतका द्राक्षारस आणायचा कुठून आणि भरायचा कशात? या भांड्याकुंड्यांच्या अडचणींत आणखी एक कारण आहे: प्याला दिला तर प्रापंचिक माणूस धर्मगुरूच्या बरोबरीचा ठरेल. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. अशा यादीतलं कुठलं कारण खरं आणि कुठली नुसती सोबतीला आणलेली, हे ओळखायची थोडी सवय झाली आहे.

तरी त्या दाढीला हसून चालणार नाही. ज्या थेंबाची धास्ती होती तो त्यांच्या लेखी द्राक्षारसाचा नव्हताच. धर्मगुरूने येशूच्या शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारले की प्याल्यातला रस खरोखर ख्रिस्ताचं रक्त होतो, रंग-चव-वास तेवढे मागे उरतात, अशी श्रद्धा होती, आणि १२१५च्या लॅटरन परिषदेने तिला अधिकृत शब्द दिला होता. जगाच्या पापासाठी सांडलेलं रक्त फरशीवर सांडायचं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा.

ही कल्पना आली मात्र अशा लोकांकडून, ज्यांना रक्त तोंडाला लावायची सक्त मनाई होती. यहुदी नियमशास्त्र सांगतं, की प्राण्याचा जीव त्याच्या रक्तात असतो आणि म्हणून ते देवाचं. माणसाने मांस खावं पण रक्त निपटून. वेदीवर रक्त वाहिलं की पापाचं प्रायश्चित्त होई. इजिप्तमधून निघण्याच्या रात्री कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं, ती घरं मृत्यूने ओलांडली. सीनाय पर्वतापाशी मोशेने अर्धं रक्त वेदीवर आणि अर्धं लोकांवर शिंपडून देवाशी करार पक्का केला. शिंपडणं, लावणं, ओतणं सगळं होतं. पिणं नव्हतं. आणि येरुशलेमच्या माडीवरच्या खोलीत जेवताना येशू प्याला पुढे करून शिष्यांना सांगतो, की हे माझं रक्त, नव्या कराराचं, प्या. ते बारा जण यहुदीच होते. त्यांच्या अंगावर काटा आला असेल, असं मला वाटतं. शुभवर्तमानं त्याबद्दल काही बोलत नाहीत.

पुढे या रक्ताचे अर्थ लावण्यात पिढ्या गेल्या. कुणी म्हणालं, सैतानाच्या ताब्यातून माणूस सोडवायची ही खंडणी. कॅंटरबरीचे आन्सेल्म अकराव्या शतकाच्या अखेरीस म्हणाले, सैतानाला कसली खंडणी? माणसाने देवाचा मान राखला नाही, ते देणं माणसाकडून फिटण्यासारखं नव्हतं, म्हणून देवच माणूस होऊन ते फेडून गेला. पंडितांचं हे चालू असताना साधी माणसं मात्र पीत होती. सुमारे १५० साली रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलं आहे, की भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस उपस्थित सगळ्यांना देत आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पोचवत. पाचव्या शतकात काही लोक नुसती भाकर घेऊन प्याला टाळू लागले, तेव्हा पोप गेलासियसने त्यांना बजावलं: दोन्ही घ्या, नाहीतर काहीच घेऊ नका.

मग प्याला गेला कसा? कुणी हुकूम काढून नेला नाही. बाराव्या-तेराव्या शतकांत तो पश्चिम युरोपातून हळूहळू निसटत गेला. सांडू नये म्हणून आधी चांदीच्या नळीने पिण्याची पद्धत निघाली, कुठे भाकर रसात बुडवून देऊ लागले, शेवटी भाकरच उरली. लोकांनीही कुरकुर केली नसावी. जितकी भक्ती वाढली तितकी भीती वाढली. धर्मपंडित थॉमस अक्वायनसने त्याला शास्त्राधार पुरवला: भाकरीच्या कणातही संपूर्ण ख्रिस्त असतो, शरीरासह रक्तही, तेव्हा प्याला न मिळाल्याने कुणाचं काही बुडत नाही. मोठा बिनतोड युक्तिवाद. एकच पंचाईत, की मग धर्मगुरूने तरी का प्यावं?

हा प्रश्न प्रागमध्ये विचारला गेला. १४१४च्या शरद ऋतूत स्त्रीब्रोचा याकोबेक नावाचा विद्यापीठातला अध्यापक आणि त्याचे मित्र प्रागच्या काही चर्चमध्ये लोकांच्या हाती प्याला देऊ लागले. त्यांतलं एक, संत मार्टिनचं, जुन्या शहराच्या तटबंदीत सामावलेलं, म्हणून त्याला आजही ‘भिंतीतला मार्टिन’ म्हणतात. याकोबेकचा आधार साधा होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, की जो माझं रक्त पिणार नाही त्याच्या ठायी जीवन नाही. तिथे ‘धर्मगुरूंनी’ असं म्हटलेलं नाही. याकोबेकने हा तर्क शेवटापर्यंत ताणला आणि तान्ह्या बाळांनाही प्याला लावायला सांगितलं.

बोहेमियातल्या, म्हणजे चेक देशातल्या, या चळवळीचा खरा पुढारी यान हुस. बेथलेहेम चॅपलमध्ये तो चेक भाषेत प्रवचनं देई. प्याल्याबद्दल तो सुरुवातीला सावध होता. कॉन्स्टन्सला अभयपत्र देऊन बोलावलं आणि तिथे तुरुंगात टाकलं, तेव्हा तुरुंगातून त्याने आपल्या जागी बसलेल्या प्रवचनकाराला कळवलं, प्याल्याला विरोध करू नकोस. १५ जून १४१५ रोजी परिषदेने प्रापंचिकांना प्याला देण्यावर बंदी घातली. त्या निर्णयात एक कबुली आहे, ती वाचून मी चकित झाले: ख्रिस्ताने दोन्ही दिलं, आद्य मंडळीत दोन्ही देत, हे मान्य, तरीही आताची रूढी हाच कायदा. ६ जुलैला हुसला जिवंत जाळलं. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत जो प्याला एका अध्यापकाचा आग्रह होता तो आता एका देशाचं निशाण झाला.

अक्षरशः निशाण. ३० जुलै १४१९ रोजी यान झेलिव्हस्की या धर्मगुरूने मिरवणूक काढून प्रागच्या नव्या शहराच्या नगरभवनावर नेली आणि नगरसेवकांना खिडकीतून खाली फेकण्यात आलं. पोपने धर्मयुद्ध पुकारलं. यान झिझ्का हा एका डोळ्याचा, पुढे दोन्ही डोळ्यांनी आंधळा झालेला सेनापती शेतकऱ्यांच्या गाड्या साखळीने जोडून त्यांचे किल्ले करी आणि त्यांवर प्याल्याचे झेंडे लावी. त्याने आपल्या गढीचं नाव ‘कालिख’ ठेवलं, म्हणजे प्यालाच. एकामागून एक धर्मयुद्धं हरली. १४३१ साली दोमाझ्लित्सेला तर सैन्य लढाईआधीच पळालं. हुसवाद्यांचं रणगीत ऐकूनच पळालं, असं सांगतात.

माझं मन याकोबेकच्या बाजूने आहे, हे लपवत नाही. पण कुत्ना होराच्या चांदीच्या खाणींत हुसवाद्यांना कैद करून जिवंत खोल विहिरींत लोटलं गेलं, आणि १४२१ साली हुसवाद्यांनी खोमुतोव्ह घेतलं तेव्हा तिथल्या गावकऱ्यांची कत्तल केली. दोन्हीकडे एकच रक्त पवित्र होतं, त्याच्या अर्थाबद्दल फारसं भांडणही नव्हतं. निदान प्रागच्या मवाळ हुसवाद्यांना तरी अक्वायनसचा ख्रिस्त भाकरीत होता हे मान्य होतं. भांडण होतं ते वेदीसमोरच्या कठड्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, याचं.

१४३४ साली लिपानीला मवाळांनी जहालांना हरवलं, आणि १४३६ साली यिहलावाला तह जाहीर झाला: बोहेमियात ज्यांना हवा त्यांना प्याला. पोप दुसऱ्या पायसने १४६२ साली तो रद्द केला, पण चेक लोकांनी मानलं नाही. १४८५च्या कुत्ना होराच्या तहाने तर दोन्ही पंथ शेजारी शेजारी कायदेशीर केले, तेही मार्टिन लूथर दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा. प्रागच्या टिन चर्चच्या दर्शनी भिंतीवर राजा पोदेब्राडीच्या यिर्झीच्या पुतळ्यासोबत मोठा सोनेरी प्याला बसवला होता. ८ नोव्हेंबर १६२०ला शुभ्र पर्वताच्या लढाईत चेक प्रोटेस्टंट कॅथलिक सैन्यापुढे हरले, पुढच्या जूनमध्ये त्याच चर्चसमोरच्या चौकात २७ जणांना देहदंड झाला आणि काही काळाने प्याला उतरवला गेला. त्याचं सोनं वितळवून तिथे बसवलेल्या मारियामातेच्या मूर्तीला लावलं, असं प्रागचे लोक सांगतात.

हे सगळं मी का शोधत बसले, तर माझं माहेर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं, आणि सासर वसईचं. नगरला प्रभुभोजनाच्या रविवारी पाळक पावाचे चौकोनी तुकडे फिरवत, मागोमाग लाकडी तबकात मांडलेले इवलेसे काचेचे पेले येत. आत काळ्या मनुका उकळून काढलेलं गोड पाणी. हा जामानिमा अमेरिकेचा. १८६९ साली न्यू जर्सीत टॉमस वेल्च या दंतवैद्याने द्राक्षाचा रस न आंबवता टिकवून दाखवला, कारण त्याच्या मेथडिस्ट मनाला देवाच्या मेजावर दारू खपत नव्हती. आणि १८९०च्या दशकात जंतूंची भीती पसरली तेव्हा एका प्याल्याचे शंभर पेले झाले. लग्नाआधी मी रीतसर कॅथलिक झाले. वसईच्या चर्चमध्ये पहिल्यांदा रांगेत उभी राहिले तेव्हा हातावर ओस्ती, म्हणजे ती भाकर, मिळाली, आणि मी वाट पाहत उभीच. मागच्या बाईने हळूच ढकललं.

वसईत प्याला काढून घेतला, असं म्हणता येत नाही. पोर्तुगीजांच्या हाती वसई आली १५३४ साली. त्यांच्याबरोबर आलेला धर्म प्याला केव्हाच हरवून बसला होता, आणि १५६२ साली ट्रेंटच्या परिषदेने प्रापंचिकांना प्याला बंधनकारक नाही यावर शिक्का मारला. माझ्या सासरच्या एकाही पूर्वजाच्या ओठांना तो लागला नसणार. जे कधी हातात आलंच नाही, त्यासाठी कुणी खिडकीतून कुणाला फेकत नाही.

आपल्याकडे प्याल्याची लढाई दुसऱ्याच कारणाने झाली. एकाच भांड्याला सगळ्यांनी ओठ लावायचे, म्हणजे उष्टं, आणि उष्टं म्हणजे जात. तंजावरच्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत वरच्या जातीचे वेल्लाळ आणि अस्पृश्य समाजाचे ख्रिस्ती वेगवेगळे बसत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली फर्मान काढलं, की मंडळीतला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद, प्रभूच्या मेजाशी सगळे सरमिसळ येतील. पुष्कळ वेल्लाळ चर्च सोडून गेले. नगरला १८३९ साली हरिपंत नावाचे एक ब्राह्मण बाप्तिस्मा घेऊन ज्या मंडळीत आले, तिथे महार समाजातली माणसं आधीपासून होती. धर्मांतराने जात गेली ती गेलीच. पण दर वेळी शेजाऱ्याच्या हातचा प्याला घेऊन पुन्हा पुन्हा ती घालवायची, हे बाप्तिस्म्याच्या एका दिवसापेक्षा अवघड असणार. पुढे ते वेगवेगळे पेले आले तेव्हा जंतूंबरोबर आणखी काय काय टळलं, असा प्रश्न मला पडतो. नगरच्या माणसांना तो आवडत नाही.

कॅथलिकांकडे ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, प्रापंचिकांसाठी प्याल्याचं दार पुन्हा किलकिलं झालं. काही ठरावीक प्रसंगी, बिशपांच्या मर्जीने. ज्यासाठी हुसवाद्यांवर इतकी धर्मयुद्धं झाली ते उपासनेवरच्या दस्तऐवजातल्या एका छोट्या कलमात आटोपलं. चेक देशात १९२० साली रोमपासून फुटून, आज हुसचं नाव लावणारं, एक चर्च निघालं होतं, प्याला हेच त्याचं चिन्ह, आणि १९४७पासून तिथे स्त्रियांनाही धर्मगुरूची दीक्षा मिळते.

हे मी नणंदेला सांगितलं. रोज पहाटेची मिस्सा न चुकवणारी बाई; अक्वायनसचं नाव तिने ऐकलेलं नाही, पण त्याचा युक्तिवाद तिला तोंडपाठ आहे. ओस्तीत सगळा ख्रिस्त असतो वहिनी, तुला आणखी काय हवंय, हे ती मला कायम ऐकवत आली. त्या दिवशी मात्र सुपातले तांदूळ निवडता निवडता थांबली.

“बाईच्या हातून? आणि पुरुष मुकाट्याने पितात?”

पितात म्हणे, मी म्हटलं.

“मग जायला हवं एकदा,” ती म्हणाली, आणि विमानाचं तिकीट किती पडतं ते विचारू लागली.