घनफल, माप आणि गॅसची टाकी

चाळीसगावानजीक पाटण येथील भवानीच्या देवळांतला शके ११२८ (इ. स. १२०६) चा शिलालेख संशोधकांस सुपरिचित आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्यापन चालावें म्हणून मठ स्थापिला व निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास दान दिलें, हा त्याचा आशय. डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं तो विद्वानांपुढें आणला. लेखाच्या अखेरचा मराठी भाग आजवर मुख्यतः भाषेच्या अभ्यासासाठीं वाचला गेला आहे. परंतु त्यांतील व्यवहार तितकाच लक्षणीय आहे. प्रत्येक घाण्यामागें पळीभर तेल मठास द्यावें, येथें जें मोजावयाचें तें मठाच्याच मापानें मोजावें, आणि मापणावळ मठानें व मापाऱ्यानें निमे-निम घ्यावी, असा तो निर्बंध आहे. ज्या मठांत घनफलाचें गणित शिकवावयाचें, त्याच मठाकडे बाजाराचें मापही सोंपविलेलें होतें.

ही जोडी ध्यानांत ठेवून एका अर्वाचीन प्रश्नाकडे पाहावयाचें आहे. टाकींत सांठविलेला गॅस किती, हें कसें मोजावें? आपल्याकडे कोणताहि नवा हिशेब निघाला कीं, ‘हें सर्व लीलावतींत आहेच’ असें म्हणणारा एक पक्ष असतो, आणि ‘जुन्या पोथ्यांत काय ठेवलें आहे’ असें म्हणणारा दुसरा. दोहोंचाहि निकाल पोथी उघडूनच लावला पाहिजे.

लीलावतीच्या खातव्यवहारांत खड्ड्याचें घनफल काढण्याची रीति आहे. तोंड व तळ सारखे असल्यास क्षेत्रफलास खोलीनें गुणावें, हें उघडच आहे. तोंड मोठें व तळ लहान असल्यास मात्र मुखाचें क्षेत्रफल, तळाचें क्षेत्रफल आणि दोहोंच्या लांबीरुंदींच्या बेरजांपासून होणारें क्षेत्रफल, अशीं तीन एकत्र करून सहांनीं भागावीं व वेधानें गुणावें, असें आचार्य सांगतात. ही रीति अजमासाची नसून तंतोतंत खरी आहे. वर्तुळासाठीं २२/७ हें स्थूल व ३९२७/१२५० हें सूक्ष्म प्रमाण दिलें आहे. गोलाचें घनफल म्हणजे पृष्ठफल गुणिलें व्यास, भागिलें सहा. आणि याची उपपत्ति गोलाध्यायाच्या वासनाभाष्यांत, मध्याशीं टोंक असलेल्या असंख्य सूच्यांची कल्पना करून, दाखविली आहे.

आतां मुंबईकडे वळूं. अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनीं १८३४ सालीं आपला माझगावचा बंगला स्वतःच्या यंत्रानें गॅसचे दिवे लावून उजळला होता. पुढें १८६२ त बाँबे गॅस कंपनी निघाली, व भाऊ दाजींचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच १८६५ सालच्या ऑक्टोबरांत शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. लालबागेंतील ‘गॅस कंपनी लेन’ हें नांव त्या काळाची खूण आहे. दगडी कोळसा बंद भट्टींत तापवून काढलेला हा गॅस ज्या टाकींत सांठवीत, तिची रचना अशी असे : पाण्यानें भरलेला मोठा हौद, व त्यांत उपडी ठेविलेली लोखंडी घंटा. गॅस आंत आला कीं घंटा वर उचलली जाई, खर्च झाला कीं खालीं बसे. घंटेच्या वजनानें आंतील दाब बहुतेक एकसारखा राही. म्हणून घंटा किती चढली हें बाजूच्या पट्टीवर पाहिलें कीं, तळाचें क्षेत्रफल गुणिलें चढलेली उंची, इतक्यांत काम भागे. हा शुद्ध खातव्यवहारच होय.

उदाहरणार्थ, घंटेचा व्यास १०० फूट धरूं. सूक्ष्म प्रमाणानें क्षेत्रफल ७,८५४ चौरस फूट येतें. म्हणजे घंटा एक फूट चढली कीं ७,८५४ घनफूट गॅस आला. स्थूल प्रमाणानें तोच आंकडा सुमारें ७,८५७ येतो. अंतर तीन घनफुटांचें. आतां तोच गॅस २५ अंशांवरून ३५ अंश शतमानावर तापला, तर दाब तोच असतां तो ७,८५४ चे सुमारें ८,११८ घनफूट होतो. गॅस कणभरहि न वाढतां २६४ घनफूट वाढलेले दिसतात! स्थूल व सूक्ष्म प्रमाणांतील फरकाच्या ऐंशींपटींहून अधिक चूक केवळ उन्हानें होते. धान्याची रास दुपारीं फुगत नाहीं. म्हणून आचार्यांस या शोधनाची गरज पडली नाहीं. वायूच्या दाबाचा नियम बॉइलनें १६६२ त व उष्णतेचा गे-ल्युसॅकनें १८०२ त प्रसिद्ध केला. तेव्हां भूमिति आपल्याकडे पूर्ण होती, वायूचें शास्त्र नव्हतें, एवढेंच प्रामाणिकपणें म्हणतां येतें. यांत आचार्यांची थोरवी उणी होत नाहीं, आणि फुगविण्याचेंहि कारण नाहीं.

राहिला मापाचा प्रश्न. एक हात लांब, रुंद व उंच असा घनहस्त धान्यमापनांत मगधदेशची एक खारी होय, अशी लीलावतीची परिभाषा आहे. इंग्लंडांत प्रथम गॅस दिव्यांच्या संख्येवर व तासांवर विकीत. मीटर आल्यावर घनफूट कोणाचा खरा, असा तंटा उभा राहिला. १८५९ च्या कायद्यानें, ६२ अंश फॅरनहाइट उष्णतेवर व ३० इंच वायुभारांत ६२.३२१ पौंड पाणी मावेल तो घनफूट, असें ठरविलें. विकणाराचें माप विकणाराच्या हातीं राहूं नये, हा त्यांतला हेतु. आणि पाटणच्या बाजारांत मठाचें माप चालविण्यांतहि माझ्या मतें तोच हेतु असावा. फरक इतकाच कीं, कायद्याच्या मापांत उष्णतामान व वायुभार हीं दोन पदें नवीं आलीं.

आज घरोघरीं येणारा गॅस दाबानें द्रवरूप केलेला असतो. तो मोठाल्या लोखंडी गोलांत सांठवितात. गोलाचें घनफल आचार्यांच्या रीतीनेंच निघतें. पण द्रव किती उंचीपर्यंत आहे, त्याचें उष्णतामान काय व वर उरलेल्या वाफेचा दाब किती, हीं तीनहि पाहून शेवटीं वजन ठरवितात. गोल कांठोकांठ भरीत नाहींत. तापलेल्या द्रवास फुगावयास जागा ठेवावी लागते. घरगुती टाकी घनफुटांवर न विकतां १४.२ किलोग्रॅम या वजनावर विकली जाते, त्याचें मर्म हेंच. वजन उन्हानें बदलत नाहीं. नळानें येणारा गॅस घनमीटरांत मोजतात, तेथेंहि १५ अंश उष्णतामान व ठराविक दाब गृहीत धरूनच.

संग्राहकांस यांतून एक विनंति करावीशी वाटते. लीलावतीची सटीक पोथी मिळाली तर आपण ती रेशमी बासनांत ठेवितों. गणेश दैवज्ञांची शके १४६७ मधील ‘बुद्धिविलासिनी’ असल्याच आस्थेमुळें आपणांस लाभली. परंतु मापाऱ्याच्या वह्या, पायली-शेरांचीं कोष्टकें, हौद-टाक्यांचीं उंचीवार घनफलपत्रकें, गॅसच्या दिव्यांचे हिशेब, हीं रद्दींत जातात. रीति ग्रंथांत सांपडेल; ती बाजारांत कशी चालली, कोणाचें माप प्रमाण मानलें गेलें, हें अशाच कागदांवरून कळणार. पाटणच्या शिळेवर मापाऱ्याची निमी मापणावळ कोरली नसती, तर मठाच्या मापाची आज कोणास वार्ताहि नसती. शिळा टिकते, कागद आपण टिकविला तरच टिकेल.

इंदिरानगर, नाशिक.